नोंद नसलेलं जेवण

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. सव्वीस वर्षं मी मोज्यांच्या कारखान्याच्या फाटकावर झडती घेत होते. शिफ्ट सुटली की दोनशे बायका रांगेनं माझ्यासमोरून जायच्या. पिशवी उघड, डबा उघड, कोटाचे खिसे बाहेर काढ. काही सापडलं तर वही, सही, साहेब. काही सापडलं नाही तर फक्त म्हणायचं, "जा." माफीबिफी काही नाही. दोनशे जणींना रोज माफ करा म्हणत बसले असते तर मी घरी कधी गेले असते?

नोकरी संपल्यावर मी दादाकडे राहायला आले. माझं लग्न झालं नाही, दादा-वहिनीला मूल झालं नाही, त्यामुळे तीन माणसांच्या घरात तीन म्हातारी. दादा मला इन्स्पेक्टर म्हणतो. आपण मोठा विनोद केला असं त्याला दर वेळी वाटतं.

पण सांगायचंय ते वहिनीबद्दल.

वहिनी शिवणकाम करते. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश, कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. बारीक चणीची, बोलणं कमी, कारण दिवसातले निम्मे तास तिच्या तोंडात टाचण्या. काही विचारलं की "हं", नाहीतर "अंहं". दादा फ्रिज दुरुस्त करतो, पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. तो म्हणतो, आमची कधी भांडणं झाली नाहीत, कारण हिच्या तोंडात टाचण्या आणि माझ्या कानात कॉम्प्रेसर.

वहिनीला अकरा वर्षं साखरेचा आजार आहे. जेवणाआधी दंडात नाहीतर पोटात सुई टोचून घ्यायची. कुरकुर नाही. "सुईचीच बाई मी," म्हणते. गेल्या वर्षी दवाखान्यात एक नवीन प्रयोग सुरू झाला, त्यात तिचं नाव घातलं गेलं. दंडाला एक गोल चकती चिकटवली. ती चकती दर पाच मिनिटांनी साखर मोजणार, आणि एक मुलगी ते आकडे बघणार. ही मुलगी डॉक्टर नव्हती, गणिताची होती. चष्मा, विस्कटलेले केस, आणि बोलताना सारखं हवेत बोटानं रेघ काढायची सवय. मी तिचं नाव रेघवाली ठेवलं.

पहिल्या दिवशी आम्ही तिघंही गेलो होतो. तिनं संगणकावर दोन रेघा दाखवल्या, एक निळी, एक लाल. "निळी काकूंची खरी साखर. लाल माझ्या गणितातली. काकू काय खातात, किती वाजता, सुई कधी घेतात, एवढं मला सांगायचं. मग त्यांची साखर पुढे काय करेल ते गणित आधीच सांगेल. खाल्लं की साखर चढते, इन्सुलिन तिला खाली ओढतं. पण लगेच नाही, थोड्या वेळानं. सगळी गंमत त्या थोड्या वेळाची आहे."

दादा खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे थर्मोस्टॅटच की. आत गरम झालं की मशीन चालू, गार झालं की बंद. पण बंद झाल्यावरही पारा जरा खाली जात राहतो."

"बरोबर तेच, काका," ती म्हणाली. "फक्त प्रत्येक माणसाचं मशीन वेगळं. अन्न किती वेगानं रक्तात उतरतं, इन्सुलिनचा एक थेंब किती ओढतो, किती वेळ ओढतो, हे आकडे पहिल्या दोन आठवड्यांत मी काकूंचे काढणार. एकदा काढले की तेच धरून चालायचं."

दादा घरी येईपर्यंत खुशीत होता. दवाखान्यात जाऊन आपल्या धंद्यातलं बोलणं ऐकायला मिळणं, हे काही रोजचं नव्हे.

वहिनीनं ते काम शिवणासारखं केलं. वहीत लिहायची: भात एक वाटी, सपाट. सफरचंद अर्धं, लहान. एकदा तर पावाची जाडी टेपनं मोजून लिहिली. मी म्हटलं, "आता त्याला अस्तर पण लाव." तिनं हसून "अंहं" केलं. महिन्यानं रेघवालीनं कागद दाखवला, तर निळी रेघ लाल रेघेला चिकटूनच चालली होती. "इतक्या प्रामाणिक नोंदी मला कुणीच दिल्या नाहीत," ती म्हणाली. वहिनीनं तो कागद शिलाई मशीनच्या वर भिंतीला लावला. तिच्या कामाचं कौतुक कुणी असं लेखी केलेलं नव्हतं.

मग ऊन वाढलं. दादानं घरच्या फ्रिजला हात घातला. त्याच्या मते बाजारातले सगळे फ्रिज कमी गार करतात. त्यानं दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या मॉडेलचा थर्मोस्टॅट काढून आमच्या फ्रिजला बसवला, स्क्रू पिळला, आणि मागच्या भिंतीलगतचा कप्पा वहिनीच्या औषधासाठी राखून ठेवला. "औषधाच्या बाबतीत हयगय नको," म्हणाला. त्या कप्प्याला इतर कुणी हात लावायचा नाही. चालू बाटली संपत आली की तोच आदल्या संध्याकाळी नवी डबी काढायचा आणि टेबलावर ठेवायचा, सकाळी ती वापरायची. बायकोची काळजी करायची त्याची ती पद्धत होती. कधी फूल आणलेलं मला तरी आठवत नाही.

पुढच्या खेपेला कागदावर एक नवीन ओळ आली. ठळक अक्षरांत, तारखेनं, वेळेनं. "नोंद नसलेलं जेवण. दुपारी चार. अंदाजे चाळीस ग्रॅम." त्याच्याखाली दुसऱ्या दिवसाची, तिसऱ्या दिवसाची. सकाळ-संध्याकाळचीही बारीकसारीक होती, पण चारचं जेवण मोठं, आणि रोजचं.

"काकू," रेघवाली हळूच म्हणाली, "काही लिहायचं राहतंय का? प्रोग्राम स्वतःहून शोधतो. साखर गणितापेक्षा वर राहिली की मधे काय खाल्लं असेल ते तो सांगतो."

"नाही," वहिनी म्हणाली. टाचण्या नव्हत्या तोंडात, तरी एवढंच.

आता खरं सांगते. मला धक्काबिक्का काही बसला नाही. माझ्या मनात आलं, हं, सापडली. अकरा वर्षं गोड न खाता कोण राहतं? घरात मी गोड चहा पिते, दादा बिस्किटं खातो, आणि ही आपली अर्धं सफरचंद. फाटकावर मी शिकले होते की सगळ्यात गरीब चेहऱ्याच्या बाईची पिशवी सगळ्यात आधी बघायची. आणि तीन ते चार वहिनी झोपते. म्हणजे झोपते म्हणते. दादा दुकानात, मी आतल्या खोलीत रेडिओ लावून. चार वाजता स्वयंपाकघरात ती एकटी.

मी साखरेच्या बरणीवर पेन्सिलीनं खूण केली. बिस्किटं मोजली. जामच्या बाटलीचं झाकण अमुक कोनात लावून ठेवलं. शिवणाच्या डब्यात हात घातला, बॉबिनी, खडू, बटणं, सगळं उपसलं. त्यात एक गोळी सापडली आणि मला वाटलं, झालं. ती खोकल्याची निघाली, बिनसाखरेची. अभ्र्यांच्या घड्या उलगडून पाहिल्या. काही नाही. माणसाला वाटेल, काही सापडलं नाही म्हणजे काही नसेल. मला वाटलं, बाई हुशार आहे.

दादालाही लागण झाली. त्यानं बिस्किटांचा डबा दुकानात नेऊन ठेवला. जेवताना तिच्या ताटाकडे बघायचा, आणि तिनं वर पाहिलं की दुसरीकडे. एके दिवशी म्हणाला, "खाल्लंस तर खाल्लंस, पण लिही ना. निदान गणित तरी चुकणार नाही."

"मी खात नाही हो," ती म्हणाली.

"मग कागद काय उगाच बोलतो? मशीन आहे ते. मशीनला तुझ्याशी काय दावा?"

तिनं टाचण्या तोंडात धरल्या. भिंतीवरचा कौतुकाचा कागद तिनं त्याच संध्याकाळी उतरवला. मला त्यातही चोराच्या मनात चांदणं दिसलं.

साखर वाढतच होती. वहिनी घटाघटा पाणी प्यायची, मशीनवर बसल्या बसल्या पेंगायची. डोळ्यांपुढे धूसर व्हायला लागलं. तीस वर्षं न बघता सुई ओवणारी बाई सुई-दोरा घेऊन माझ्याकडे यायची, "ताई, एवढं द्या ना." मी ओवून द्यायचे, आणि वर ऐकवायचे, "चारचं खाणं सोड, आपोआप दिसेल."

दवाखान्यातही अडलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवला असता, पण बाई खरं सांगत नाही. उद्या तिनं चोरून खाल्लं नाही आणि सुई मात्र मोठी घेतली, तर साखर एकदम पडेल, जिवावर बेतेल. आधी नोंदी खऱ्या होऊ देत. म्हणजे तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं म्हणून तिला औषधही मिळत नव्हतं. मी हे तेव्हा ऐकलं आणि मान डोलावली. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

वहिनीनं जेवण कमी केलं. वाटीचा भात पाऊण वाटी, मग अर्धी. "बघा," ती म्हणायची, "आता तरी." आणि कागद म्हणायचा, चार वाजता, पंचेचाळीस ग्रॅम.

शेवटी मी ठरवलं, आता मुद्देमालासकट पकडायची. एका दिवशी मी सकाळपासून तिच्या पाठीला लागले. ती मशीनवर, मी समोर. ती मोरीत, मी दाराबाहेर. तिला कळत होतं. कुणाच्या तरी हॉलचे निळे पडदे शिवत होती, त्याची पट्टी दोनदा वाकडी गेली, दोनदा उसवली. एक वाजता सुई घेतली, अर्धी वाटी भात, थोडी भाजी. वहीत लिहिलं. मी वाचून पाहिलं, बरोबर होतं.

सव्वातीनला ती उठली, स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. तिनं रिळाचा पांढरा दोरा तोडला आणि खाण्याच्या कपाटाच्या दोन्ही मुठींभोवती गुंडाळून गाठ मारली. धूसर डोळ्यांनी, चाचपडत. मग जाऊन खाटेवर पडली.

मी दोरा बघत उभी राहिले. अच्छा, म्हटलं, म्हणजे माझ्यावरच पाळत. मी कपाटात हात घालते का ते बघायचंय हिला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. इतका राग आला की मी खुर्ची उचलून तिच्या खोलीच्या दारात ठेवली आणि तिथंच बसले. रेडिओ नाही, चहा नाही. साडेतीन. पावणेचार. चार. ती कुशीवर, हात उशीखाली, तोंड मिटलेलं. चार वाजून पाच, दहा. सव्वाचारला तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि पुन्हा मिटले. काही सापडलं नव्हतं. मी उठले. "जा" तेवढं म्हणायचं राहिलं.

तीन दिवसांनी दवाखान्यात कागद हातात आला. मी ती तारीख शोधली. "नोंद नसलेलं जेवण. चार वाजून पाच मिनिटं. अंदाजे सत्तेचाळीस ग्रॅम."

मी वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझं डोकं फिरलं.

"हे कुणी लिहिलं?" मी रेघवालीला विचारलं.

"प्रोग्रामनं."

"तुमचा प्रोग्राम आमच्या घरी आला होता का? चार वाजून पाच मिनिटांनी ही बाई माझ्यासमोर झोपली होती. मी तिच्या पापण्या बघत होते. सकाळी सातपासून नजर हलवली नाही मी. सव्वीस वर्षं झडती घेतलीय, मॅडम, मला शिकवू नका. माणूस खोटं बोलतो हे मला माहीत आहे. पण हा कागद खोटं बोलतोय, आणि त्याचे खिसे कुणी तपासत नाही."

बाहेरच्या बाकावरचे दोघे-तिघे डोकावून गेले. दादा म्हणाला, "अगं, हळू." वहिनी माझ्याकडे बघत होती. काय होतं त्या नजरेत मला तेव्हा कळलं नाही.

रेघवाली चिडली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं कागद बाजूला सारला आणि संगणकावर त्या दिवसाच्या दोन रेघा काढल्या. बराच वेळ बघत राहिली. बोट हवेत गेलं आणि तिथंच थांबलं.

"चार वाजता काही खाल्लं असतं," ती सावकाश म्हणाली, "तर निळी रेघ चारला नव्यानं चढली असती. ही चढलेलीच नाही. ही जेवणानंतर चढली आणि खाली यायची ती आलीच नाही. माझी लाल रेघ चारपर्यंत खाली आली, म्हणून दोघींतलं अंतर चारला सगळ्यात जास्त. प्रोग्रामला अंतर दिसलं की तो अन्न घालतो. त्याला दुसरं काही घालता येतच नाही. तसा मीच लिहिलाय तो." तिचा चेहरा उतरला होता. "मी कागद वाचत राहिले. रेघ बघितलीच नाही."

मग तिनं आकडे बदलले. चोरून खाल्लेलं अन्न शून्य. आणि इन्सुलिनची ताकद कमी, आणखी कमी, अर्ध्याच्याही खाली. लाल रेघ वर सरकत सरकत आली आणि निळीवर जाऊन बसली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, पूर्ण महिनाभर.

"काकूंनी काहीच खाल्लेलं नाही," ती म्हणाली. "औषधच निम्मं मेलेलं आहे. हे कधीपासून? उन्हाळ्यापासून. बाटल्या कुठे ठेवता?"

"फ्रिजमध्ये," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात अजून अभिमान होता. "मी स्वतः सेट केलाय. सगळ्यात गार कप्पा, अगदी मागे."

"किती गार?"

दादा जगाचे फ्रिज मोजतो, स्वतःचा त्यानं कधी मोजलाच नव्हता. घरी आल्यावर त्यानं दुकानातला थर्मामीटर आणून त्या कप्प्यात ठेवला आणि अर्धा तास फ्रिजसमोर स्टुलावर बसून राहिला. शून्याखाली चार. डबी फोडून बाटली काढली तर आत बर्फ. इन्सुलिन एकदा गोठलं की मेलं, मग ते टेबलावर ठेवून कितीही वितळवा, दिसायला पाणीच, अंगात गुण नाही. रेघवालीनं हे सांगितलं होतंच. आणि वितळवायचं काम दर वेळी आदल्या संध्याकाळी कोण करत होतं? दिव्याखाली अंधार म्हणतात, तर आमचा दिवा गिऱ्हाइकांना वॉरंटी पण द्यायचा. दादानं ती बाटली हातात धरली आणि रडला. मी त्याला आमचे वडील गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. वहिनीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आळ आला तिच्यावर, टोचून घेतलं तिनं, आणि समजूतही तीच काढत होती.

नवी बाटली आली, थर्मोस्टॅट बदलला. आठवड्यात निळी रेघ लाल रेघेवर आली. दोन-तीन आठवड्यांत वहिनीची नजर निवळली, सुई ती परत स्वतः ओवायला लागली. रेघवालीनं प्रोग्राम बदलला. आता त्याला "औषध तपासा" असंही म्हणता येतं, आणि ते तो आधी म्हणतो. जेवणाचं नंतर.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी बरणीवरची पेन्सिलीची खूण पुसायला स्वयंपाकघरात गेले, दुपारी, सव्वातीनला. वहिनी कपाटाला दोरा बांधत होती.

माझ्या मनात आलं ते मी सरळ बोलले. "अजून माझ्यावर पाळत आहे का तुझी? हक्क आहे तुझा. मी तुझा डबा उपसला, अभ्रे उपसले. चुकलं माझं, वहिनी."

हे शब्द तोंडातून निघायला सव्वीस वर्षं आणि वर काही महिने लागले.

तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, एकेक करून बाहीला खोचल्या. "तुमच्यासाठी नव्हता हो, ताई. माझ्यासाठी आहे."

"म्हणजे?"

"रोज कागदावर लिहून यायचं. तुम्ही म्हणायचात, हे म्हणायचे, डॉक्टर म्हणायचे. मला वाटलं, एवढी सगळी माणसं कशाला खोटं बोलतील? मीच झोपेत उठून खात असेन आणि मला आठवत नसेल. म्हणून दोरा बांधायचे. उठल्यावर बघायचे, तुटलाय का."

"तुटला होता कधी?"

"नाही. मग वाटायचं, खाऊन झाल्यावर झोपेतच मी परत बांधला असेल."

मी स्टूल ओढून बसले.

"पण आता तर सगळं कळलंय," मी म्हटलं. "बर्फ तू डोळ्यांनी पाहिलास. रेघ जुळली."

"हं," ती म्हणाली. दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग विचारलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही दारात बसला होतात. पूर्ण वेळ बघत होतात ना? डुलकी नाही ना लागली तुम्हाला?"

"नाही."

"मी उठले नव्हते?"

"नव्हती उठलीस. सव्वाचारपर्यंत हलली नाहीस."

तिनं मान हलवली. "परत सांगा," म्हणाली.

मी परत सांगितलं. आता रोज तीनला मी खुर्ची घेऊन तिच्या दारात बसते. ती जागी झाली की आधी माझ्याकडे बघते, आणि तिनं विचारायच्या आत मी सांगते, नव्हतीस उठली.